शेवटचे रीळ आणि मारुतीच्या वाती

वंदन त्या गजाननाला, जो आरंभी आठवला की वाकडी गोष्टही मार्गाला लागते. वंदन विटेवरच्या सावळ्याला, जो कमरेवर हात ठेवून सगळ्यांचे सगळे ऐकून घेतो. आणि साष्टांग दंडवत आमच्या बेलापूरच्या मारुतिरायाला, ज्याच्या देवळामागे हुसेनभाईंची पत्र्याची टॉकीज होती, आणि ज्याने इतक्या वर्षांत भिंतीपलीकडून येणाऱ्या एकाही संवादाबद्दल तक्रार केली नाही.

उदबत्तीची राख रोज चिमूटभर पडते. ती कोणी साठवत नाही. सणावाराला देव्हारा पुसायला घ्यावा, तर ओंजळभर निघते. आमच्या भजनी मंडळाच्या किश्शांचे असेच आहे. आम्ही भजनच करीत होतो. किस्से खाली पडत राहिले.

मंडळात मी वीणा धरीत असे, म्हणून गाव मला बुवा म्हणे. कोंडीराम पखवाज वाजवी. त्याचा ऊस पाटाच्या कडेला होता आणि हात ढोपरापर्यंत चिखलात असले तरी ठेका कधी चुकला नाही. ठकूआत्या नात्याने कोणाचीच आत्या नव्हती, म्हणून सगळ्या गावाची होती. आणि हुसेनभाई माईक जोडून देत. सप्ताह असो की एकादशी, त्यांच्या टॉकीजचा भोंगा आधी देवळावर चढे, मग परत टॉकीजवर.

गावात केबल नुकती शिरली होती, त्या दिवसांतली ही गोष्ट. चांगले म्हणवले जाणारे चित्रपट श्रीरामपूरच्या पुढे येत नसत. आमच्या पत्र्याखाली येत ते समीक्षकांनी उंबऱ्याबाहेर काढलेले. रविवारी पूजा आटोपली की मी पारावर बसून वर्तमानपत्राच्या पुरवणीतले परीक्षण मोठ्याने वाचीत असे. दोन तारे मिळाले असतील तर मंडळी माना हलवून घरी जात. एक तारा असेल तर विचार करीत. अर्धा तारा म्हटले की कोंडीराम उसाचे पाणी शेजाऱ्यावर सोपवी आणि धुतलेला सदरा घाली.

मी एकदा त्याला विचारले, की ज्याला जाणत्यांनी इतके वाईट म्हटले, ते तू इतक्या आवडीने का पाहतोस?

तो म्हणाला, "बुवा, सगळ्यांनी टाकल्याला देव पदरात घेतो, आसं तुमीच किर्तनात सांगता. मग पिक्चरनंच काय पाप केलंय?"

पुढच्या अर्ध्या ताऱ्याला मीही धुतलेला सदरा घातला.

*

आमचे पाहणेही कीर्तनासारखेच होते. वहाणा टॉकीजच्या दाराबाहेर काढायच्या. मध्येच उठायचे नाही. पडद्यावर आई आली की हात जोडायचे. मग ती नायकाची असो वा खलनायकाची. मातेमध्ये भेद करू नये.

आणि रीळ तुटले की गजर.

रीळ नेहमीच तुटे. शिट्ट्या मारून काही उपयोग नसतो, हे आम्हांला ठाऊक होते. म्हणून कोंडीराम खुर्चीच्या पाठीवर ठेका धरी आणि आम्ही नामाचा गजर सुरू करीत असू. पण गजराचा एक नियम आहे. तो अर्धवट सोडायचा नाही. चढत्या लयीला नेऊन, जयजयकार करूनच थांबायचे. त्यामुळे रीळ जोडून झाले, पडद्यावर नायिका नदीत बुडू लागली, तरी गजर काही थांबेना. हुसेनभाईंनी यंत्र बंद केले. नायिका तशीच, नाकापर्यंत पाण्यात, आमची वाट पाहत राहिली. पुढे हा पायंडाच पडला. गजर संपल्याखेरीज चित्रपट पुढे सरकत नसे.

एकदा राहात्याकडचे एक व्यापारी पाहुणे म्हणून आले होते. ते चिडून दाराशी गेले आणि तिकिटाचे पैसे परत मागू लागले.

कोंडीरामाने ठेका न मोडता मान वळवली. "पाव्हनं, परसाद खाऊन झाल्यावर परत करत्यात व्हय?"

पाहुणे येऊन खाली बसले. पुढच्या गजरात टाळी त्यांचीच मोठी होती.

*

पुण्याचा समीक्षक तारे देई. आमच्याकडे ठकूआत्यांच्या वाती होत्या.

आत्यांनी मारुतीला लक्ष वातींचा नवस बोलला होता. त्यामुळे कापसाची पिशवी सदैव मांडीवर. बायकांच्या बाजूला पहिल्या बाकावर बसून अंधारातच त्या वाती वळीत. चित्रपट रंगला की हात थांबे. कंटाळा आला की हात चाले. खेळ सुटला की मंडळी आधी आत्यांच्या पदराकडे पाहत. पदर रिकामा म्हणजे चित्र उत्तम.

हुसेनभाई दाराशी उभे राहून विचारीत, "आत्या, किती झाल्या?"

"एकबी न्हाई रं बाबा. त्या दोघी सवतींनी हात हलू दिला न्हाई."

मग हुसेनभाई तो खेळ आणखी एक आठवडा ठेवीत. यात त्यांचा अंदाज कधी चुकल्याचे मला स्मरत नाही.

*

आता यात जे दुःख होते तेही सांगितले पाहिजे.

टॉकीजची जागा देवस्थानाची. दर पाडव्याला करार पुढे चालू व्हायचा, नारळ फुटायचा, विषय संपायचा. मग मुळे गुरुजी देवस्थानच्या पंचांचे अध्यक्ष झाले. हायस्कूलचे निवृत्त मुख्याध्यापक. चारित्र्य धुतल्या तांदळासारखे, आणि स्वभावही तसाच, खडा निघेपर्यंत निवडणारा. तेही तीच पुरवणी वाचीत, पण आमच्या उलट दिशेने. त्यांनी पंचांसमोर स्पष्ट सांगितले, की देवाच्या जागेत अर्ध्या ताऱ्याचा कारभार चालणार नाही. चांगली चित्रे लावा, नाहीतर पाडव्याला जागा मोकळी करा.

हुसेनभाईंना दुसरी जागा नव्हती आणि दुसरी विद्याही नव्हती. ते यंत्र त्यांच्या वडिलांनी बैलगाडीतून आणलेले. त्या एकादशीला ते आले, माईक जोडला, आवाज तपासला, आणि आत न बसता बाहेर पायरीवर बसून राहिले. कोंडीरामाने तिथवर जाऊन त्यांच्या हातात टाळ दिले. त्यांनी घेतले, पण वाजवले नाहीत.

*

त्या काळजीतही एक गंमत झाली.

एक अर्ध्या ताऱ्याचे चित्र लागले. समीक्षकाने लिहिले होते, की याला शेंडा ना बुडखा. आम्ही पाहिले आणि थक्क झालो. मध्यंतरापूर्वीच नायक मरतो, त्याला अग्नी देतात, आई टाहो फोडते. मध्यंतरानंतर तो कॉलेजात नाचत येतो, मग शाळेत जातो, आणि सरतेशेवटी पाळण्यात! आई हसते आहे, बारशाचे पेढे वाटले जात आहेत, आणि समाप्त.

आत्यांच्या पदरात एकही वात नव्हती.

मरणाकडून जन्माकडे जाणारी कथा मी तोवर कोठे पाहिली नव्हती. पुढच्या एकादशीला मी तिच्यावर निरूपणच केले. जीव कसा उलटा प्रवास करतो, चितेतून पाळण्यात कसा येतो, हे सविस्तर सांगितले. चार माणसांनी डोळे पुसले.

पुढच्या आठवड्यात कोंडीराम कारखान्याच्या कामासाठी श्रीरामपूरला गेला. तिथे तेच चित्र लागले होते, म्हणून भक्तिभावाने पुन्हा पाहायला बसला. परत आला तो तोंड उतरवून.

"बुवा, तितं त्या पिक्चरची लई मोडतोड केलीया."

"काय केले?"

"पार सरळ करून टाकलंय. मेल्याला शेवटी मारत्यात."

हुसेनभाई तेव्हा माईकची वायर गुंडाळीत होते. ती त्यांनी फार वेळ गुंडाळली. रिळे उलटसुलट लागली होती, हे त्यांनी पुढे कित्येक महिने कबूल केले नाही. मी ते निरूपण मात्र अजून करतो. त्यात चूक काही नाही.

*

गुरुजींची अट पाळायची म्हणून हुसेनभाईंनी एक बक्षीसपात्र चित्रपट आणला. परीक्षणात तारे इतके, की छापायला जागा पुरली नव्हती. गुरुजी स्वतः पहिल्या रांगेत, छत्री गुडघ्यांत धरून बसले. गाव झाडून आले होते.

पडद्यावर एक बाई विहिरीतून पाणी काढीत होती. काढीतच होती. संगीत नाही, बोलणे नाही, रहाटाची कुरकुरसुद्धा नाही. आम्हांला वाटले, आवाज गेला. कोंडीरामाने ठेका धरला आणि मंडळाने गजर सुरू केला. हुसेनभाई धावत पडद्यामागे गेले आणि भोंग्यावर थापा मारू लागले.

गुरुजी उभे राहिले. "थांबा! आवाज गेलेला नाही. ती शांतता आहे."

गजर अर्धवट सोडता येत नाही, हे त्यांना नम्रपणे सांगावे लागले. तो पुरा झाला तेव्हा बाई घागर डोक्यावर घेऊन माळ चढत होती. ती चढत राहिली. माळ मोठा होता. अखेर मागच्या रांगेतून कोंडीराम कळवळून म्हणाला, "अगं बाई, ठिव ती घागर खाली आन् जरा दम खा."

मध्यंतरात लोक चहाला गेले ते आलेच नाहीत. खेळ सुटला तेव्हा गुरुजी, मी, कोंडीराम आणि ठकूआत्या इतकेच उरलो होतो. प्रकाशयोजना उत्तम होती, असे गुरुजी म्हणाले. पण त्यांचा आवाज झोपेतून उठल्यासारखा जड होता.

आत्यांची पिशवी रिकामी होती आणि पदर भरून ओसंडत होता. त्यांनी वातींचा भारा गुरुजींच्या हातांत ठेवला. "गुरुजी, तुमच्या पिक्चरनं मारुतीची वरीसभराची सोय झाली."

गुरुजींना ते लागले. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला बोलावून सांगितले, की शनिवारी पंच बसतील आणि जागेचा निकाल लागेल. मी म्हणालो, "गुरुजी, आमची चित्रे आपण एकदा तरी पाहावीत." त्यांनी हातातली पुरवणी मिटली. मग म्हणाले, "बरोबर आहे. पेपर न तपासता मी कधी कोणाला नापास केलेले नाही. एक पाहीन. पहिल्यापासून शेवटपर्यंत."

*

आता तो शेवटचा पेपर.

त्या आठवड्यात जे चित्र आले, त्याहून वाईट परीक्षण मी पारावर कधी वाचले नव्हते. समीक्षकाने लिहिले होते, की यात अभिनय केवळ म्हशीने केला आहे. कोंडीराम खूश झाला. "बगा, त्यांनाबी म्हस आवडली."

कथा अशी. नायकाच्या आईचे मंगळसूत्र गव्हाणीत पडते आणि म्हैस ते गिळते. त्याच रात्री पुरात वडील वाहून जातात. गावचा सावकार म्हणतो, हिचे लग्न झालेच नव्हते, पुरावा दाखव. नायक मोठा होतो, वकील होतो, आईच्या अब्रूसाठी खटला लढतो. न्यायाधीश म्हणजे तोच वाहून गेलेला बाप. त्याची स्मृती गेलेली. आणि पुरावा अजून म्हशीच्या पोटात.

शुक्रवारचा दुपारचा खेळ होता. पत्रा तापला होता. गुरुजी पहिल्या रांगेत बसून चुका बोटांवर मोजू लागले.

"एवढ्या वर्षांनी तीच म्हैस?" त्यांनी मागे वळून विचारले.

"पुन्यवान आसंल, गुरुजी," कोंडीराम म्हणाला.

"अहो, मघाशी शिंगे वळलेली होती. आता सरळ आहेत."

"वेश बदललाय तिनं. सावकाराची मानसं मागावर हायेत न्हवं? आन् खरं सांगू का, ही दुसरी घोडेगावच्या बाजारातली वाटती. चाल बगा तिची."

गुरुजींची दोन्ही हातांची बोटे लवकरच संपली. त्यांनी पहिल्यापासून मोजायला घेतले. पण सावकाराने म्हशीला विष घातलेली पेंड चारायला नेली आणि तिने तोंड फिरवले, तेव्हा मी पाहिले, की मूठ सैल झाली आहे. शेजारी हुसेनभाई पडद्याकडे पाहतच नव्हते. ते गुरुजींच्या हाताकडे पाहत होते.

अखेर म्हैस न्यायालयात आली. आई पिंजऱ्यात उभी. गुरांचे डॉक्टर साक्षीला. न्यायाधीश म्हशीच्या डोळ्यांत पाहतो. त्याला काहीतरी आठवू लागते. तो हातोडा उचलतो…

पडदा पांढरा झाला.

या चित्राची प्रत एकच होती आणि ती श्रीरामपूरच्या टॉकीजसोबत वाटून घेतलेली. तिथे रीळ संपले की एक लुनावाला ते आपल्या मोपेडला बांधून पाटाच्या वाटेने आमच्याकडे आणी. शेवटचे रीळ अजून आले नव्हते. आम्ही गजर सुरू केला. हुसेनभाईंचा चेहरा त्या पांढऱ्या पडद्याहून पांढरा झाला होता.

गुरुजी उठले. झाले, आता टॉकीज गेली, असे मला वाटले. ते हुसेनभाईंसमोर जाऊन उभे राहिले आणि हळूच म्हणाले, "पुढे?"

"पुढं काय गुरुजी?"

"म्हशीचे काय होते पुढे?"

"मला तरी काय ठावं? पैलाच खेळ हाय. श्रीरामपूरवाल्यांना म्हाईत आसंल."

गुरुजींनी छत्री सायकलला अडकवली आणि ते सडकेने श्रीरामपूरकडे निघून गेले.

ते वळणावर दिसेनासे झाले आणि पाटाच्या वाटेने लुनावाला आला. रीळ हाती! लोक ओरडू लागले, लावा लावा. कोंडीराम ठेका धरूनच माझ्या कानाशी लागला. "बुवा, यजमान उठून गेल्यावर काल्याचं किर्तन कसं करायचं?" त्याचे म्हणणे खरे होते. गुरुजी नसताना शेवट उरकला असता, तर अर्धा पेपर पाहून नापासाचा शेरा आला असता. मी वीणा नसलेल्या हातांनी खूण केली. गजर चढवला, आणि उतरू दिला नाही. नियम सगळ्यांना ठाऊक होता. गजर संपल्याखेरीज चित्रपट नाही.

आम्ही गात राहिलो. लुनावाला दाराशी येरझाऱ्या घालू लागला. ती प्रत त्या एका खेळापुरतीच मिळाली होती आणि संध्याकाळच्या एसटीने पुढच्या गावाला जायची होती. त्याने वाट पाहिली, हात जोडले, शेवटी हुसेनभाईंनी डबे बांधून दिले आणि तो निघून गेला. डबे कोणी मोजले नाहीत. आम्ही गजरात होतो.

दिवेलागणीला गुरुजी घामाने निथळत परत आले. श्रीरामपूरचा खेळ सुटला होता. शेवटचे रीळ पुन्हा दाखवा, असे त्यांनी मालकाला विनवले. तो म्हणाला, ते तर तुमच्याच गावाला गेले. बाहेर पडणाऱ्या एका माणसाने शेवट सांगायला घेतला होता, पण गुरुजींनी कानांवर हात ठेवले. ऐकीव उत्तराला ते गुण देत नसत.

"कुठे आहे रीळ?"

"गेलं, गुरुजी. एसटीत बसलं. आता कुठं उतरंल ते त्यालाच ठावं," हुसेनभाई म्हणाले.

गुरुजी त्या पांढऱ्या पडद्यासमोर थोडा वेळ उभे राहिले. हातोडा उचललेला न्यायाधीश उभा असावा, तसे.

शनिवारी पंच बसले. जागा मोकळी करावी, असे सगळ्यांचे ठरलेलेच होते; गुरुजींनी मान हलवायचा अवकाश. हुसेनभाई पायरीवर होते. गुरुजी म्हणाले, "पेपर अपूर्ण तपासला आहे. शेवट पाहिल्याशिवाय मला निकाल देता येणार नाही. तोवर आहे ते तसेच चालू द्या."

तेव्हापासून दर पाडव्याला, नारळ फोडण्याआधी, गुरुजी विचारीत, "हुसेनभाई, ते रीळ मिळाले का?"

"न्हाई, गुरुजी."

"मग पुढच्या पाडव्याला पाहू."

असे पाडवे येत राहिले. टॉकीज चालत राहिली. अर्धे तारे येत राहिले.

मधल्या काळात देवळात उंदीर झाले आणि ते वाती पळवू लागले. आत्यांनी हुसेनभाईंकडे एखादा घट्ट झाकणाचा डबा मागितला. त्यांनी एक गोल, चपटा पत्र्याचा डबा आणून दिला. वाती त्यात छान मावल्या. त्याच्या कडेला पांढऱ्या रंगाने त्या म्हशीच्या चित्रपटाचे नाव लिहिलेले आहे आणि पुढे एकच शब्द, "शेवटचे".

शनिवारची आरती गुरुजी स्वतः करीत. त्यांची नजर अखेरपर्यंत उत्तम होती. ते डबा उघडीत, एक वात घेत, झाकण घट्ट लावीत. आणि अक्षरे भिंतीकडे जातील असा फिरवून तो पुन्हा जागेवर ठेवीत.

हे ज्यांनी ऐकले, त्यांच्या घरी रोज सांजेला दिवा लागो. तेल पुरो, वात सरळ तेवो, म्हैस दुभती राहो, आयाबायांची अब्रू आणि कुंकू अभंग राहो. कोणाचा गजर अर्ध्यात न तुटो. आणि मारुतिरायाच्या कृपेने शेवटचे रीळ कोणाच्याही दारी वेळेआधी न येवो.